हाली, कलदार आणि युरो

आष्टी किंवा पाटोदा तालुक्यातून निघून जामखेडच्या बाजारास जाणाऱ्या माणसाला आज आपण एखादी सरहद्द ओलांडली असे वाटत नाही. भाषा तीच, माती तीच आणि खिशातला रुपयाही तोच. १९४८ पर्यंत मात्र ह्याच वाटेवर दोन राज्ये एकमेकांना भिडत होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे मुंबई इलाखा. मध्ये करोडगिरीचा नाका, म्हणजे संस्थानचे जकातघर. नाक्याच्या अलीकडचा रुपया पलीकडे रुपया राहत नसे. अलीकडच्यास ‘हाली’ म्हणत, पलीकडच्यास ‘कलदार’, आणि सात हाली मोजल्यावर सहा कलदार हाती येत.

युरोपातील राष्ट्रांनी आपापली जुनी नाणी मोडून ‘युरो’ हे एकच चलन स्वीकारले, ही गोष्ट आपण कौतुकाने वाचतो आणि तेथील संकटांच्या बातम्या दूरच्या म्हणून सोडून देतो. पण दोन चलनांचे एक चलन होताना काय घडते, हे आपल्याच जिल्ह्यातील आजोबा-पणजोबांनी प्रत्यक्ष अनुभवले आहे. ह्या दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचल्या की एक गोष्ट ध्यानात येते. नाणे एक करणे हे टाकसाळीचे काम आहे. त्या नाण्यामागे अडचणीच्या दिवशी उभा राहणारा खजिना एक करणे हे त्याहून फार कठीण काम आहे. ह्यांतले आधी कोणते करावे, ह्या प्रश्नाचे उत्तर बीडच्या वाट्याला एक आले आणि अथेन्सच्या वाट्याला दुसरे.

नाणी अनेक, बट्टे अनेक

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत दख्खनमध्ये ‘रुपया’ ह्या एका नावाखाली कितीतरी नाणी चालत. पेशव्यांच्या मुलखातील अंकुशी, चांदवडच्या टाकसाळीचा चांदवडी, औरंगाबादेकडचा गोविंदबक्षी ही त्यांतली काही नावे. प्रत्येकाचे वजन निराळे आणि चांदीचा कसही निराळा. त्यामुळे एका गावचे नाणे दुसऱ्या गावी नेले की ते सराफापुढे ठेवावे लागे. सराफ ते वाजवून, तोलून पाही आणि त्यावरचा बट्टा सांगे. हा बट्टा देण्यातून धनिकाचे फारसे बिघडत नसे, कारण तो मोठ्या रकमा हुंडीने फिरवी. ज्याच्या हाती चार-दोन नाणी, त्याच्याच हातून दर खेपेस काही गळून पडे. जेरुसलेमच्या मंदिरातील सराफांच्या चौरंगांची गोष्ट आपल्या परिचयाची आहे. यात्रेकरूचे नाणे मंदिरात चालत नसे, ते बदलून घ्यावे लागे. बट्ट्याचा भार कोणावर पडतो, हे त्या प्रसंगावरूनही समजण्यासारखे आहे.

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला. वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. ‘कल’ म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला म्हणून तो कलदार. त्याची कड साफ आणि वजन नेमके असल्याने लोकांचा त्यावर विश्वास बसला.

हैदराबादेत मात्र संस्थानचे स्वतःचे नाणे चालू राहिले. १८५७ च्या उठावापर्यंत त्यावर दिल्लीच्या मोगल बादशहाचे नाव असे. बादशाही संपल्यावर आसफजाही घराण्याचा निर्देश आला. ह्या नाण्याचे नाव ‘हाली सिक्का’, म्हणजे चालू नाणे. आपण बोलताना ‘हल्ली’ म्हणतो तोच हा शब्द. पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ ह्या काळात दिवाण होते. त्यांनी राज्यकारभाराची जी घडी बसविली, तीत टाकसाळीचा विस्कळीत कारभार राजधानीत एकवटण्याचेही काम होते. पुढे इतर अनेक संस्थानांनी आपली नाणी बंद केली. हैदराबादने आपले नाणे अखेरपर्यंत सोडले नाही.

सात हाली, सहा कलदार

१८७० नंतरच्या दशकांत जगभर चांदीचा भाव घसरू लागला. जर्मनीसारख्या राष्ट्रांनी सोन्याचे चलन स्वीकारले आणि चांदीला गिऱ्हाईक उरले नाही. १८९३ साली हिंदुस्थान सरकारने लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले. कलदार त्यामुळे चांदीच्या भावापासून सुटला आणि हालीचे त्याच्याशी असलेले जुने नाते ढिले पडले. आज हाली घेतली तर उद्या तिचे किती कलदार येतील, ह्याची शाश्वती राहिली नाही.

हा गोंधळ आवरण्याचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी संस्थानचे अर्थखाते सांभाळणारे जॉर्ज कॅसन वॉकर ह्यांच्या काळात झाले. १९०३ पासून चारमिनारचे चित्र असलेले यंत्रावरचे नवे नाणे पडू लागले. पुढे उस्मान अली खान गादीवर आल्यावर चारमिनारच्या कमानीत त्यांच्या नावाचे आद्याक्षर दिसू लागले. ह्या रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम होते आणि हजार भागांत ८१८ भाग शुद्ध चांदी. हिशेब केला तर हालीत ९.१४ ग्रॅम चांदी येते आणि कलदारात १०.६९ ग्रॅम. हे प्रमाण जवळजवळ सहास सात असे पडते. सरकारी दरही त्याच प्रमाणात ठरला : १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. प्रत्यक्ष बाजारात हा दर थोडा वरखाली होई, पण आधीची अनिश्चितता संपली.

कागदावर सोपे दिसणारे हे प्रमाण व्यवहारात किती अडचणीचे होते, हे पाहण्यासारखे आहे. कलदाराचा एक आणा म्हणजे हालीच्या चौदा पै, येथवर ठीक. पण एका हालीचे कलदार करू गेल्यास तेरा आणे आठ पै आणि वर पैचा एक अपूर्णांक उरे. तो अपूर्णांक नेहमी सराफाच्या बाजूस जाई, हे सांगावयास नकोच. सरहद्दीवरच्या शेतकऱ्याने आपली ज्वारी पलीकडच्या बाजारात विकली तर पैसे कलदारात मिळत. सारा भरावयाचा तो हालीत. मीठ, कापड, लोखंड हा मुंबईकडचा माल येई तो कलदाराच्या भावाने. वर करोडगिरीची जकात. एकाच घामाच्या पैशाला तीन ठिकाणी चाळणी लागे.

पहिल्या महायुद्धात चांदी दुर्मिळ झाली तेव्हा, १९१८ साली, संस्थानने कायदा करून कागदी नोटा काढल्या. भारतातील संस्थानांत स्वतःच्या नोटांची अशी पद्धतशीर व्यवस्था हैदराबादेचीच. नोटांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर तेलुगू, मराठी आणि कन्नड ह्या भाषांतही रक्कम लिहिलेली असे. नाशिकचा छापखाना सुरू झाल्यावर ह्या नोटा तेथे छापल्या जाऊ लागल्या. १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली आणि १९४२ मध्ये तिचे काम सुरू झाले. चलनाची व्यवस्था पाहणे हे तिच्या कामांपैकी एक होते. हीच बँक पुढे ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ ह्या नावाने मराठवाड्यातल्या घराघरांत पोहोचली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

नाण्याची तटबंदी

१९४७ साली इंग्रज गेले आणि निजामाने स्वतंत्र राहण्याचा निर्णय घेतला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम ह्यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. त्याची शाई वाळते न वाळते तोच संस्थानने दोन वटहुकूम काढले. एकाने सोने-चांदी संस्थानाबाहेर नेण्यास बंदी केली, दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात कायदेशीर राहणार नाही असे ठरविले. त्याच सुमारास पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे कर्ज भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने देण्याचा घाट घातला गेला. दिल्लीने हे सर्व कराराचा भंग मानले.

नाण्याचा उपयोग तटबंदीसारखा केला की पहिले हाल तटाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचे होतात. बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद हे जिल्हे मुंबई इलाख्याला लागून. त्यांचे नातेवाईक, बाजार, देवस्थाने दोन्ही बाजूंस. कालपर्यंत चालणारा कलदार आज गुन्ह्याची वस्तू झाला. स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात सरहद्दीवरच्या तुकड्यांनी करोडगिरीचे नाके लक्ष्य केले, ते उगाच नव्हे. सामान्य माणसाला संस्थानची सत्ता रोज दिसे ती ह्याच नाक्यांवर.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ ह्या पाच दिवसांत पोलीस कारवाई होऊन संस्थान संपले. ह्या काळाविषयी लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. मराठवाड्याने आधी रझाकारांचे अत्याचार सोसले आणि त्यानंतर अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड ओढवलेलाही पाहिला. नाण्यांचे एकीकरण त्या मानाने पुष्कळ सौम्यपणे झाले, आणि माणसांच्या बाबतीत तो सौम्यपणा दाखविता आला असता तर बरे झाले असते.

ह्या धामधुमीत संस्थानचे दहा लाखांहून अधिक पौंड लंडनमधील पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या खात्यावर गेले होते. त्यांचा वाद सत्तर वर्षे चालला. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने भारत सरकार आणि निजामाचे वारस ह्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा ती रक्कम वाढून सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. राज्य पाच दिवसांत गेले, त्याचा जमाखर्च मिटावयास एवढा काळ लागला!

आधी खजिना, मग नाणे

संस्थान विलीन झाल्यावर हाली दुसऱ्याच दिवशी रद्द करता आली असती. तसे केले नाही, ही शहाणपणाची गोष्ट झाली. लोकांच्या मडक्यांत, कमरेच्या कशांत, मोंढ्यातल्या तिजोऱ्यांत असलेली नाणी एका रात्रीत खोटी ठरली असती तर नव्या राज्यावरचा विश्वास पहिल्याच दिवशी बुडाला असता.

क्रम पुढीलप्रमाणे होता. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले आणि चलन हा विषय संघराज्याचा झाला. संस्थानांच्या अर्थकारणाची पाहणी व्ही. टी. कृष्णमाचारी ह्यांच्या समितीने केली होती. तिच्या शिफारशींना धरून १ एप्रिल १९५० पासून आर्थिक एकीकरण सुरू झाले. प्राप्तिकर, रेल्वे, सीमाशुल्क ही खाती केंद्राकडे गेली. त्यामुळे राज्याच्या उत्पन्नात पडणारी तूट केंद्राने ठरावीक वर्षे भरून देण्याचे मान्य केले. करोडगिरीसुद्धा एका फटक्यात न उठविता टप्प्याटप्प्याने उठविली. भारतीय रुपया हालीच्या शेजारी आला, तो जुन्याच ओळखीच्या दराने : सात हाली, सहा रुपये. नव्या हाली नोटा काढणे थांबले. जुन्या नोटा-नाणी हळूहळू बँका आणि खजिन्यांतून परत येत राहिली, आणि १९५९ पर्यंत हाली इतिहासजमा झाली.

ह्याच दशकात बीडच्या माणसाने आणखी दोन बदल पचविले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन शंभर नव्या पैशांचा रुपया झाला. हालीचे आणे, कलदाराचे आणे आणि नवे पैसे असे तीन हिशेब एका पिढीने दहा वर्षांच्या आत शिकले. अशिक्षित म्हणून ज्यांची आपण कीव करतो, त्यांच्या तोंडी हिशेबाचे हे सामर्थ्य!

युरोपची उलटी वाट

आता युरोपकडे वळू. दोन महायुद्धांत एकमेकांचे रक्त सांडलेल्या राष्ट्रांनी पुन्हा युद्ध होऊ नये म्हणून व्यापाराने एकमेकांशी बांधून घ्यावे, ही त्या प्रयत्नांमागची प्रेरणा. १९५७ च्या रोम करारानंतर सामाईक बाजारपेठ उभी राहिली. १९७० मध्ये लक्झेंबर्गचे पंतप्रधान पिएर वेर्नर ह्यांच्या समितीने एका चलनाची योजना मांडली, पण जागतिक चलनव्यवस्थाच कोलमडल्याने ती मागे पडली. १९७९ मध्ये चलनांचे दर एकमेकांशी जोडण्याची व्यवस्था सुरू झाली. १९९२ च्या फेब्रुवारीत मास्त्रिख्ट येथे करार झाला. १ जानेवारी १९९९ रोजी अकरा राष्ट्रांनी युरो स्वीकारला, २००१ मध्ये ग्रीस आला, आणि १ जानेवारी २००२ पासून नाणी व नोटा लोकांच्या हाती पडल्या. जर्मनीचा मार्क, फ्रान्सचा फ्रँक, इटलीचा लिरा ही शतकांची नावे पुसली गेली. व्हॅटिकनमध्येही युरोच चालतो आणि त्याची स्वतःच्या छापाची नाणीही निघतात.

तेथेही दर ठरले, ते सहा सार्थ अंकांपर्यंत नेमके : एक युरो म्हणजे १.९५५८३ मार्क. बट्टा संपला. पॅरिसचा प्रवासी रोममध्ये तेच नाणे देऊ लागला. उणीव राहिली ती निराळ्याच जागी. नाणे एक झाले, खजिने निरनिराळेच राहिले. कर प्रत्येक राष्ट्राचा वेगळा, कर्ज वेगळे, बेकारभत्ता वेगळा. एका राष्ट्राचे कर्ज दुसऱ्याने फेडावयाचे नाही, असे करारातच लिहिलेले. तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवावी असा नियम होता, पण २००३ मध्ये खुद्द जर्मनी आणि फ्रान्स ह्यांनी तो मोडला तेव्हा त्यांना शिक्षा झाली नाही. थोरल्यांनी मोडलेला नियम धाकट्यांनी पाळावा, अशी अपेक्षा कोण धरणार?

ऑक्टोबर २००९ मध्ये ग्रीसच्या नव्या सरकारने आधीचे तुटीचे आकडे खरे नव्हते हे उघड केले. तूट पुढे उत्पन्नाच्या पंधरा टक्क्यांहून अधिक निघाली. सावकारांनी व्याज वाढविले. जुने द्राख्मा नाणे असते तर सरकारने त्याचे मूल्य उतरविले असते, निर्यात स्वस्त झाली असती, आणि दुखणे सर्वांत थोडेथोडे वाटले गेले असते. युरोचे मूल्य एकट्या ग्रीसला उतरविता येईना. उरला तो एकच उपाय : पगार, निवृत्तिवेतने आणि रुग्णालयांचा खर्च कापणे. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचे कर्ज कठोर अटींवर मिळाले. नंतर आयर्लंड, पोर्तुगाल, स्पेनच्या बँका आणि सायप्रस ह्यांची पाळी आली. २०१३ मध्ये ग्रीसमधील बेकारी सत्तावीस टक्क्यांवर गेली, तरुणांत निम्म्याहून अधिकांस काम नव्हते. २०१५ च्या उन्हाळ्यात बँका बंद होत्या आणि लोक दिवसाला साठ युरो काढण्यासाठी यंत्रांसमोर रांगा लावून उभे होते.

सुधारणा झाल्या, पण संकटाने कान पिळल्यावर. जुलै २०१२ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारिओ द्राघी ह्यांनी युरो वाचविण्यासाठी बँक लागेल ते करील असे जाहीर केले, आणि त्या शब्दानेच बाजार पुष्कळ शांत झाला. त्याच वर्षी अडचणीतील राष्ट्रांसाठी ५०० अब्ज युरोंपर्यंत कर्ज देऊ शकणारा कायम निधी उभा राहिला. २०१४ पासून मोठ्या बँकांवर एकत्रित देखरेख सुरू झाली. सर्वांत मोठे पाऊल पडले ते २०२० च्या महामारीत. युरोपीय संघाने सर्वांच्या नावे कर्ज उभारून ७५० अब्ज युरोंचा निधी केला आणि त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम परत न घेण्याच्या अनुदानाच्या रूपाने ठेवली. इतक्या वर्षांनी नाण्यामागे सामाईक खजिन्याची पहिली वीट बसली. नवी राष्ट्रे अजून येतच आहेत. १ जानेवारी २०२६ रोजी बल्गेरिया हे युरो स्वीकारणारे एकविसावे राष्ट्र ठरले.

दुष्काळात नाणे कोणाचे?

ह्या दोन कथांतला फरक आपल्या जिल्ह्याच्या एका अनुभवावरून नीट समजतो. १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्हा होरपळला. विहिरी आटल्या, जनावरे दावणीला मेली. तेव्हा पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते ह्यांच्या कामांवर हजारो हातांना मजुरी मिळाली, ती राज्याच्या खजिन्यातून. वि. स. पागे ह्यांनी सुचविलेली आणि १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना पुढे १९७७ च्या कायद्यात उतरली. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. मुंबईच्या कचेरीतील कारकुनाच्या पगारातून कापलेले चार रुपये पाटोद्याच्या माळावर खडी फोडणाऱ्या बाईच्या हाती मजुरी म्हणून पडले. त्या कारकुनाने तिला कधी पाहिलेही नव्हते. एका नाण्यामागे एक खजिना असणे म्हणजे काय, ते हे! ग्रीसच्या बेकार तरुणासाठी फ्रँकफुर्टच्या नोकरदाराच्या पगारातून अशी कपात होत नव्हती. मिळाले ते व्याजाचे कर्ज.

अर्थात आपल्या बाजूने फुशारकी मारण्याजोगे फार नाही. खजिना एक झाला, पण त्यातून सर्वांच्या पदरात सारखे पडले असे नव्हे. १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने मराठवाड्याचा अनुशेष आकड्यांनी दाखविला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, आणि २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. आजही दसरा-दिवाळीनंतर बीडमधील कुटुंबे कोयता घेऊन अहिल्यानगर, सोलापूर, कोल्हापूरकडे आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. त्यांची उचल कोठल्याही सराफाकडे बदलून घ्यावी लागत नाही, करोडगिरीचा नाका त्यांची गाडी अडवीत नाही. पण मुलांची शाळा मागे राहते आणि उचलीचे कर्ज पुढच्या हंगामावर जाते. बट्टा नाण्यावरून उठला, माणसावरून तो अजून पुरता उठलेला नाही.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला जाणारी रेल्वे सुरू झाली. जुनी चलनाची सरहद्द ती आता काही मिनिटांत ओलांडते, आणि डब्यात बसलेल्या कोणाला त्याची जाणीवही होत नाही. जुन्या पेटीत एखाद्या घरी चारमिनारचा रुपया अजून जपलेला असेल. मुलांना तो अवश्य दाखवावा. त्यातील चांदीपेक्षा त्यामागची कथा अधिक मोलाची आहे. सात हालीचे सहा रुपये झाले तेव्हा आपल्या वाडवडिलांनी ती वजाबाकी शांतपणे मान्य केली, कारण नव्या रुपयामागे उभे राहणारे घर आपलेही आहे असा भरवसा त्यांना देण्यात आला होता. तो भरवसा ज्यांनी दिला त्यांची पिढी गेली. तो पाळण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे.